कंसातलं हसू

२०२२ सालची गोष्ट. आमच्या निर्यात विभागात नव्यानं आलेल्या एका मुलीनं परदेशी ग्राहकाला तपासणी अहवाल पाठवला आणि त्याला ड्रॉइंगचा जुना रिव्हिजन जोडला. महिनाभरात ही चूक तिसऱ्यांदा झाली होती. मी तिला मेल टाकला. आमचे मेल इंग्रजीत असतात. मराठीत सांगायचं तर मजकूर एवढाच होता : 'हे तिसऱ्यांदा होतंय. आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठव.' पाठवण्याआधी पुन्हा वाचून पाहिला, तेव्हा फार कोरडा वाटला. म्हणून शेवटी दोन टिंबं आणि एक कंस टाकला आणि पाठवून दिला.

अहवाल साडेपाचला आला, अगदी बिनचूक. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, रागावला असाल तर सरळ रागवा. ती शेवटची खूण बघून मला काही कळेचना. तुम्ही माझ्यावर हसताय, की खरंच फारसं काही बिघडलेलं नाही? रात्री घरी आईला वाचून दाखवला मेल. तिलाही सांगता येईना."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'अगं, तसं काही नाही' एवढं म्हणून मी तिला परत पाठवलं. पण त्या संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर मी माझ्या पाठवलेल्या मेलचा फोल्डर उघडला आणि वर्षभरात कुणाला, कशासाठी स्मायली टाकली ते एकेक करून पाहत बसले. त्या दिवशी जे लक्षात आलं, ते इथे लिहिते आहे.

मी १९९७ साली पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले. तेव्हा बाहेरगावचा पत्रव्यवहार टायपरायटरवर आणि फॅक्सवर चाले. पत्र लिहायला मला आमच्या हेडक्लार्कनी शिकवलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ग्रामपंचायतीला, वीज मंडळाला, गावातल्या वाहतूकदारांना पत्रं मराठीत जात. 'विषय :-', 'संदर्भ :-', 'महोदय', 'उपरोक्त विषयास अनुसरून', आणि शेवटी 'आपला विश्वासू'. हा साचा दोन दिवसांत जमला. साच्याच्या आतलं शिकायला मात्र मला दोन वर्षं लागली.

अण्णांकडे थकबाकीच्या स्मरणपत्रांचे तीन मसुदे होते. पहिल्या पत्रात 'आपल्या नजरेस आणू इच्छितो'. दुसऱ्यात 'खेदाने कळवावेसे वाटते'. तिसऱ्यात 'नाइलाजास्तव पुढील कार्यवाही करावी लागेल'. तिन्ही पत्रांत रक्कम तीच, बिल क्रमांक तोच, पण तिन्हींचा आवाज वेगळा. पहिलं पत्र मिळालेला माणूस चहा पिता पिता वाचे, तिसरं मिळालेला माणूस त्याच दिवशी फोन करी. कुठलं पत्र कधी जायचं यावर अण्णा फार काटेकोर होते. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारलेली त्यांना चालत नसे. समोरच्याला सावरायची संधी मिळाली पाहिजे, असं ते म्हणत.

घरच्या पत्रांतही हेच होतं. वडीलधाऱ्यांना 'सा. न. वि. वि.', धाकट्यांना 'अनेक उत्तम आशीर्वाद', आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा ही विनंती'. मधल्या मजकुरात कितीही कडू बोलणं असो, आंब्याच्या पैशांवरून वाद असो की जमिनीच्या हिश्श्यावरून, पत्र संपताना लोभ मागितलेला असे. पत्र लिहिणाऱ्याचा चेहरा वाचणाऱ्याला दिसत नाही, ही अडचण आपल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक होती आणि तिच्यावरचा उपाय त्यांनी शब्दांतच शोधला होता.

मी नोकरीला लागल्यावर दोनएक वर्षांनी आमच्याकडे ई-मेल आला. सुरुवातीला अख्ख्या विभागाला मिळून एकच पत्ता होता. सकाळी एक जण मेल उघडून त्यांच्या प्रिंट काढी आणि ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये ठेवी. पुढे प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता मिळाला आणि बघता बघता बाहेरचीच काय, ऑफिसातल्या ऑफिसातली बहुतेक सगळी लिखापढीही इंग्रजीत होऊ लागली. 'प्लीज डू द नीडफुल', 'काइंडली रिव्हर्ट', 'ॲट द अर्लिएस्ट'. आमचं इंग्रजी एवढंच होतं. त्यात चूक नव्हती, पण त्यात पायऱ्या नव्हत्या. 'नजरेस आणू इच्छितो' आणि 'नाइलाजास्तव' यांच्यामधलं अंतर आम्हाला मराठीत नेमकं ठाऊक होतं. इंग्रजीत दोन्हींसाठी आमच्याजवळ 'काइंडली' हा एकच शब्द. पहिल्या आठवणीलाही 'काइंडली' आणि शेवटच्या इशाऱ्यालाही 'काइंडली'.

त्या रिकाम्या जागेत स्मायली येऊन बसली, असं मला आज वाटतं.

तिचा जन्म मात्र वेगळ्या गरजेतून झाला. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे लोक आपसातल्या संगणकी सूचनाफलकावर गप्पा मारत. लिफ्ट आणि पारा यांच्याविषयी एक कोडं चाललं होतं. त्यात कुणीतरी गमतीनं लिहिलं की प्रयोगामुळे लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींना ते खरंच वाटलं. गंमत कुठली आणि सूचना कुठली हे ओळखता यावं म्हणून १९ सप्टेंबर १९८२ रोजी सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी स्कॉट फालमन यांनी सुचवलं की गमतीपुढे :-) असं लिहावं आणि मान आडवी करून वाचावं. जे गमतीनं लिहिलेलं नाही, त्यापुढे :-( लिहावं. हा मूळ संदेश बरीच वर्षं हरवला होता. २००२ साली जुन्या टेपांमधून तो शोधून काढला गेला.

म्हणजे मुळात ही खूण जिव्हाळ्याची नव्हती, ती वाचणाऱ्याला दिलेली सूचना होती : 'हे खरं धरू नका.' माझ्या त्या मेलकडे या बाजूनं पाहिलं, तर त्या मुलीचा गोंधळ रास्तच होता. 'संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठव' आणि लगेच 'हे खरं धरू नकोस'. कुणालाही झोप लागली नसती.

आमच्या ऑफिसात या खुणेचे आणखी वेगळेच घोळ झाले. काही वर्षं पुरवठादारांच्या मेलमध्ये वाक्याच्या शेवटी इंग्रजी 'जे' हे अक्षर दिसे. 'माल उद्या निघेल जे.' 'धन्यवाद जे.' कुणाच्या नावाचं आद्याक्षर असेल असं आम्ही धरून चाललो होतो. कारण नंतर कळलं. आउटलुकमध्ये दोन टिंबं आणि कंस टाइप केला की तो आपोआप हसरा चेहरा होई, आणि तो चेहरा विंगडिंग्ज नावाच्या फॉण्टमधलं 'जे' असे. ज्या संगणकावर तो फॉण्ट लागू होत नसे, तिथे चेहरा जाऊन नुसतं अक्षर उरे. मराठी मेलमध्ये याच्या उलट अडचण. आपण 'संदर्भ :-' लिहितो आणि जागा न सोडता लगेच कंसात क्रमांक घालतो. एका सरकारी कार्यालयाला पाठवायच्या पत्रात त्या जागी रडका चेहरा उमटला होता. तो पाठवण्याआधी दिसला म्हणून निभावलं. पाठवलेलं आणि पोचलेलं एकच असेल याची खात्री नसते, हे मी तेव्हापासून धरून आहे.

सगळ्यात जास्त मला शिकवलं ते आमच्या जपानी ग्राहकाकडच्या एका अभियंत्यानं. त्याच्या मेलमधले चेहरे आडवे नसत, सरळ असत : (^_^). तोंडाच्या जागी नुसती रेघ, आणि हसू सगळं डोळ्यांत. पुढे वाचनात आलं की २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानी आणि अमेरिकी लोकांना असे चेहरे दाखवले होते. जपानी लोक भाव ओळखताना डोळ्यांकडे जास्त पाहत होते, अमेरिकी लोक तोंडाकडे. पाश्चात्त्य स्मायलीत तोंड बदलतं आणि जपानी स्मायलीत डोळे बदलतात, ते यामुळेच असावं.

एकदा त्यांच्याकडून चुकीचा नमुना आला. दिलगिरीच्या मेलच्या शेवटी एक आकृती होती : दोन बाजूंना जमिनीला टेकलेले हात आणि मध्ये खाली वाकवलेलं डोकं. मी ती बराच वेळ पाहत राहिले. आपलं 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' म्हणजे दुसरं काय आहे? पत्र लिहिणारा कुणी खरोखर जमिनीवर आडवा होत नाही, पण शरीरानं करायची कृती त्यानं कागदावर लिहून पाठवलेली असते. आपण ती अक्षरांत लिहिली, त्यांनी चिन्हांत काढली. आणि त्या अभियंत्यानं नुसती आकृती पाठवली नव्हती. तिच्या वर चार ओळींत चूक कुठे झाली, कशी झाली, नवा नमुना कधी निघेल, हे सगळं सविस्तर लिहिलं होतं. नमस्कार मजकुरानंतर आला होता, मजकुराऐवजी नाही.

आता माझ्या फोल्डरकडे येते. नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या तीन अभ्यासकांनी कार्यालयांतले खरेखुरे मेल तपासून २०१४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. कामाच्या मेलमध्ये स्मायली भावना दाखवण्यापेक्षा 'हे कसं वाचायचं' ते सांगते, असा त्यांचा निष्कर्ष. सहीनंतर आली तर ती सकारात्मक वृत्ती दाखवते, विनोदानंतर आली तर विनोद असल्याचं सांगते. आभार-अभिनंदनानंतर आली तर त्यांना बळ देते. आणि हुकूम, नकार, तक्रार यांच्यानंतर आली तर त्यांची धार कमी करते. मी माझे मेल याच रीतीनं वेगळे करून पाहिले. आभाराचे काही निघाले, थट्टेचे थोडे. निम्म्याहून जास्त शेवटच्या ढिगात गेले. 'रजा देता येणार नाही' आणि स्मायली. 'हे पुन्हा करावं लागेल' आणि स्मायली. 'अजून आलं नाही' आणि स्मायली. त्यातले जवळजवळ सगळे माझ्या हाताखालच्या लोकांना गेलेले.

हे का झालं, याचा शोध घेताना मला एक जुनी गोष्ट आठवली. मी विभागाची जबाबदारी घेतली त्या वर्षी माझ्या वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं होतं, "तुमचे मेल जरा कडक वाटतात." माझ्याच पदावरच्या एका पुरुष सहकाऱ्याचे मेल माझ्याहून तुटक असत. त्यांना 'मुद्देसूद' म्हटलं जाई. मी त्यावर वाद घातला नाही. मजकूर तोच ठेवला आणि शेवटी हसरा चेहरा लावायला लागले. कडकपणाची तक्रार थांबली. माझ्याबरोबरीच्या कितीतरी बायकांनी हेच केलेलं मी पाहिलं आहे. कामाची गोष्ट सांगतानाही हसून सांग, ही घरी लहानपणी ऐकलेली शिकवण आम्ही मेलमध्ये घेऊन आलो. यात आमचं नुकसानही झालं. २०१७ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं, २९ देशांतल्या ५४९ लोकांवर केलेलं. औपचारिक मेलमध्ये अनोळखी माणसानं स्मायली टाकली, तर तो जास्त जिव्हाळ्याचा वाटत नाही, उलट कामात कमी कुशल वाटतो. त्याला दिलेल्या उत्तरात लोक माहितीही कमी देतात. म्हणजे 'कडक' हा शिक्का पुसण्यासाठी केलेला उपाय 'कच्ची' असा दुसरा शिक्का मारून जात होता.

आणखी एक अभ्यास मला फार जवळचा वाटतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकेतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना ई-मेलवर काही वाक्यं पाठवायला सांगितली, काही मनापासूनची आणि काही उपरोधाची. समोरच्याला फरक किती वेळा कळेल, असं विचारल्यावर पाठवणाऱ्यांचा अंदाज ७८ टक्के होता. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच कळला. दोनच पर्याय असताना ५६ टक्के म्हणजे छापा-काटा करण्याहून थोडंसंच बरं. लिहिताना आपल्या कानांत आपला आवाज घुमत असतो, म्हणून तो पानावरही उतरला आहे असं आपण धरून चालतो. मी त्या मुलीला मेल लिहिताना माझ्या कानात एक समजूतदार आवाज होता. तिच्यापर्यंत पोचला तो फक्त एक कंस.

आता तर टाइपही करावं लागत नाही. मेलखाली अंगठा दाबला की झालं. आमच्याकडे शॉप फ्लोअरवर एका कामगाराच्या हाताला दुखापत झाली, तेव्हा सुरक्षा विभागानं सगळ्यांना मेल पाठवला. त्याखाली काही मिनिटांत चार अंगठे उमटले. दाबणाऱ्यांना 'वाचलं' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या कामगाराच्या भावाला, जो आमच्याच स्टोअरमध्ये आहे, ते तसं दिसलं नाही. त्यानं मला स्क्रीन दाखवून विचारलं, "ताई, यात शाबासकी कशाची?"

अशाच एका अंगठ्यानं रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाची नोकरी गेली होती. अधिकाऱ्याच्या हत्येची बातमी व्हॉट्सॲपच्या गटावर आली आणि त्यानं खाली अंगठा टाकला. हत्येचा आनंद व्यक्त केला, असं धरून त्याला सेवेतून काढलं. 'संदेश पाहिला' एवढाच त्याचा अर्थ घेता येतो असं मानून न्यायालयानं त्याला दिलासा दिला, आणि २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं तो निर्णय कायम ठेवला. याच्या आदल्या वर्षी कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतात नेमकं उलट झालं. जवसाच्या खरेदीचा करार शेतकऱ्याला फोनवर पाठवला होता. त्यानं अंगठा पाठवला आणि पुढे माल दिला नाही. 'मी फक्त मिळाल्याचं कळवलं होतं,' हे त्याचं म्हणणं न्यायालयानं मानलं नाही. अंगठा म्हणजे सही धरली गेली आणि त्याला ८२ हजार कॅनडियन डॉलरच्या वर भरपाई द्यावी लागली. एकाच खुणेचा अर्थ एका न्यायालयात 'पाहिलं' आणि दुसऱ्या न्यायालयात 'मान्य'. या बातम्या वाचल्यावर मी आमच्या विभागात ठरवून टाकलं : परचेस ऑर्डरला उत्तर देताना नग, दर आणि तारीख शब्दांत आणि आकड्यांत लिहायची. अंगठा चालणार नाही.

मी स्मायलीच्या विरोधात नाही. रात्री अकरा वाजता कंटेनर बंदरावरून सुटल्याचा मेल येतो, महिनाभराची धावपळ संपते, आणि जर्मनीतला ग्राहक दोन शब्दांच्या आभारापुढे हसरा चेहरा टाकतो, तेव्हा मलाही खरोखर बरं वाटतं. बरोबरीच्या माणसांत, ओळख मुरल्यावर, आनंदाच्या गोष्टीत ती खूण छान शोभते. पण ज्याच्या हातात दुसऱ्याची रजा, पगारवाढ आणि मूल्यमापन आहे, त्यानं ती जपून वापरावी. वरून खाली येणारं हसू खालच्या माणसाला शंभर वेळा तपासून पाहावं लागतं. त्याला उलट हसायची मोकळीक असतेच असं नाही.

फोल्डर तपासला त्या रात्री मी त्या मुलीला पाठवलेला मेल नव्यानं लिहून पाहिला. अण्णांचे तीन मसुदे डोळ्यांसमोर ठेवले आणि आधी मराठीत लिहिला : 'अहवालाला पुन्हा जुना रिव्हिजन लागला आहे. ही तिसरी वेळ आहे, त्यामुळे ग्राहकाचा आपल्यावरचा भरवसा कमी होईल अशी मला काळजी वाटते. आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठव. नवा रिव्हिजन कुठून घ्यायचा याबद्दल घोटाळा होत असेल, तर चार वाजता माझ्याकडे ये, आपण बसून बघू.' मग त्याचं इंग्रजी केलं. त्यात एकही अवघड शब्द लागला नाही. पाच मिनिटं लागली. वाचून पाहिलं, तर शेवटी हसरा चेहरा लावावा असं कुठे वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो तिला दाखवला आणि म्हटलं, "मला हे लिहायचं होतं." ती वाचून म्हणाली, "मॅडम, हे आलं असतं तर मी चारलाच आले असते." तेव्हा कळलं की जुन्या फाइली सर्व्हरवरून काढलेल्याच नव्हत्या. तिला तिन्ही वेळा जुना रिव्हिजनच आधी सापडत होता. मी टाकलेल्या स्मायलीनं तो प्रश्न विचारायची वाटच बंद केली होती.

आता विभागात नवीन कुणी आलं की मी पहिल्या आठवड्यात स्मरणपत्राचे तीन मसुदे लिहून घेते, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. त्यांना एवढंच सांगते, आणि वाचकहो, तुम्हालाही तेच सांगावंसं वाटतं : नकार, चूक, पैसे, दुखापत आणि मृत्यू यांच्याबद्दल लिहिताना शब्दच वापरा. मेल आधी खुणेशिवाय लिहा. तो तसाच पाठवायला मन धजत नसेल, तर खूण जोडू नका, वाक्य बदला.